मीठ बघणं

बेकरीतल्या मिस्त्रीच्या बायकोने दोनशे पानी वही आणली, पट्टी धरून दोन उभ्या रेघा मारल्या आणि वर तीन मथळे लिहिले: काय खाल्लं, किती वाजता, पोट कसं. पहिल्या दिवशी तिसऱ्या रकान्यात चार ओळी भरल्या. आठव्या दिवसापर्यंत तिथे एकच शब्द उरला होता, ‘तसंच’. त्याच्या खाली पुन्हा ‘तसंच’. पुढे तिने नुसती दोन टिंबं द्यायला सुरुवात केली, म्हणजे वरच्यासारखंच.

पोटाचं हे दुखणं चार वर्षांचं होतं. जेवल्यावर तासाभरात पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, मग कळ यायची, आणि कळ आली की हातातलं काम टाकून धावावं लागायचं. मिस्त्री भट्टीवरचा माणूस. भट्टी कोणासाठी थांबत नाही. दोन महिन्यांपूर्वी तो असाच धावला आणि परत येईपर्यंत सहा ट्रे पावांचा कोळसा झाला. रक्त तपासून झालं, दुर्बीण घालून झाली. डॉक्टर म्हणाले, आतून सगळं चांगलं आहे. चांगलं आहे तर मी धावतो कशाला, हे विचारायचं मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्याने ते गिळलं. डॉक्टरांनी मग त्याला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

बाई वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी कागदावर तीन टप्पे लिहून दिले. पहिल्यात तीन आठवडे गहू, दूध, अंडी, डाळी, कांदा, लसूण बंद. पोट शांत झालं की दुसरा टप्पा. त्यात एकेक पदार्थ परत आणायचा, तीन दिवस बघायचं, मग पुढचा. त्रास कशाने होतो ते कळलं की तेवढं सोडून बाकीचं खायचं, हा तिसरा टप्पा.

“आणि गहूच निघाला तर?” मिस्त्रीने विचारलं.

“तर गहू सोडायचा.”

“मी बेकरीत आहे.”

“आधी काय निघतंय ते तर बघू, काका.”

बेकरीचा मालकही त्याला काकाच म्हणायचा. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून मिस्त्री तिथे होता. ट्रे जळाले त्या दिवशी मालक आवाज न चढवता म्हणाला होता, “काका, या वेळी नीट करून घ्या. नाहीतर भट्टीवर मला दुसरा माणूस बघावा लागेल.” म्हणजे पोट बरं झालं नाही तर भट्टी जाणार. आणि बरं होण्यासाठी गहू सोडावा लागला, तर गहू सोडलेल्या माणसाला बेकरीत कोण ठेवेल? मिस्त्रीने हा हिशोब मनात बऱ्याच वेळा उलटसुलट करून पाहिला. एकतीस वर्षं पिठात हात घातलेल्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं.

जेवणात भात, उकडलेला भोपळा, उकडलेलं गाजर. दुसऱ्या दिवशी गाजर, भोपळा, भात. चौथ्या दिवशी तो म्हणाला, “अगं, हे जेवण मी खातोय की ते मला?”

“तुम्ही नुसते खाताय,” बायको म्हणाली. “मला तर ते शिजवतानाच झोप येते.”

बेकरीत पाव कागदात बांधायला एक बाई होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणत. त्यांनी डब्यात डोकावलं. “मिस्त्री, जगाला पाव खाऊ घालता आणि स्वतः भोपळा? गिऱ्हाइकाला कळलं तर दुकानाला कुलूप लागेल हो.”

मिस्त्री हसला नाही. हसायलाही अंगात थोडी ताकद लागते. एकवीस दिवस त्याने पावाचा तुकडा तोडला नाही, दुधाचा चहा घेतला नाही. वजन चार किलोंनी उतरलं, पँट दोरीने बांधावी लागली, आणि पोट जसंच्या तसं. संध्याकाळी घरी आला की तो पायातले बूट न काढता खाटेवर बसून राहायचा. काढायचे आहेत हे ठाऊक असायचं, पण वाकायचा कंटाळा यायचा.

बाविसाव्या दिवशी तो डबा घरीच विसरला. बायको तो घेऊन बेकरीत आली. दारातून आत बघते तर पीठ मळायचं यंत्र नुकतंच थांबलं होतं. मिस्त्रीने आत हात घातला, सुपारीएवढा गोळा तोडला, जिभेवर ठेवला, डोळे अर्धवट मिटले, गिळला, आणि ठीक आहे अशी मान हलवून यंत्राचं झाकण लावलं. हे सगळं पापणी लवावी इतक्या सहज.

“अहो!”

मिस्त्री दचकला. “तू कशी इथे?”

“डबा विसरलात. तोंडात काय घातलंत?”

“कुठे काय?”

“आत्ता. माझ्या डोळ्यांदेखत.”

“ते होय,” मिस्त्री म्हणाला. “मीठ बघितलं.”

“बघितलं? मग गिळलं कोणी?”

मावशींच्या हातातला कागद तसाच राहिला. “वहिनी, अकरा वेळा बघतात दिवसातून. एकेका घाण्याला एकदा. एवढं बघितल्यावर दुपारी भूक कुठून लागणार?”

बायको पिठाच्या पोत्यावर बसली. मिस्त्री खोटं बोलत नव्हता हे तिला कळत होतं, आणि त्याचाच तिला जास्त वैताग आला. वहीत ‘काय खाल्लं’ असं लिहिलं होतं. मिस्त्रीने रोज खाल्लेलं सगळं सांगितलं होतं. खाणं म्हणजे ताटात वाढलेलं. मीठ बघणं हे काम होतं, भट्टीचं दार उघडून पावाचा रंग बघावा तसं. कामाला लागल्याच्या पहिल्याच वर्षी एकदा त्याच्याकडून मीठ राहिलं होतं आणि साऱ्या दिवसाचा पाव गिऱ्हाइकांनी परत आणून दिला होता. तेव्हापासून न बघता त्याने एकही घाणा पुढे सोडला नव्हता.

“तीन आठवडे मी भोपळा शिजवतेय,” बायको एवढंच म्हणाली. घरी जाऊन तिने वहीतल्या एकवीस दिवसांवर तिरकी रेघ मारली.

आहारतज्ज्ञ बाईंनी डोक्याला हात लावला. “पुन्हा पहिल्यापासून, काका.”

“सगळं?”

“सगळं. निदान थुंकून तरी टाकायचं होतं.”

“अन्न कसं थुंकणार?”

“मग दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगा.”

बाईंना ते किती सोपं वाटलं! मिस्त्री दोन दिवस विचार करत राहिला आणि तिसऱ्या दिवशी मावशींपुढे जाऊन उभा राहिला.

“माझी जीभ?” मावशी म्हणाल्या. “तंबाखूने कधीच मेली ती.”

“दुपारपर्यंत खाऊ नका.”

“वा! गहू सोडायचा तुम्ही आणि तंबाखू सोडायची मी? हा कुठला न्याय?” पण दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या त्यांनी पुडी त्याच्या हातात दिली. “खिशात ठेवा. मी मागितली तरी देऊ नका. शिव्या दिल्या तर ऐकून घ्या.”

पुन्हा भात, पुन्हा भोपळा. यंत्र थांबलं की मिस्त्रीचा हात आपोआप पुढे जायचा, म्हणून तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. मावशी गोळा तोंडात घोळवायच्या, छताकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “बरोबर आहे.” तो विचारायचा, “नक्की?” त्या म्हणायच्या, “मग तुम्हीच बघा की!” आणि तो यंत्राचं झाकण लावायचा.

दहाव्या दिवशी बायकोने वहीत ‘जरा बरं’ लिहिलं. पंधराव्या दिवशी नुसतं ‘बरं’. तिचा चेहरा उजळला. मिस्त्रीचा उतरला. चार वर्षांनी पोट गप्प झालं होतं आणि त्याला त्या शांततेची भीती वाटत होती. खाण्यात फरक म्हणावा असा एकच पडला होता: मीठ बघायचा तो गोळा बंद झाला होता.

दुसऱ्या टप्प्यात दूध आलं, पोटाने काही म्हटलं नाही. अंडी चालली. डाळी चालल्या. कांद्याने थोडी कुरकुर केली आणि सोडून दिली, लसूण चालला. राहिला गहू. मिस्त्रीला एकदा सर्दी झाली, एकदा बेकरीत मोठी ऑर्डर आली, एकदा म्हणाला, आज हवा बरी नाही.

“परीक्षेला उशिरा बसलात म्हणून निकाल बदलणार आहे का?” बायकोने विचारलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने ताटलीत पावाचे दोन काप ठेवले, त्याच्याच भट्टीचे. तो सावकाश खात राहिला. दोन महिन्यांत त्याने पाव तोंडात घेतला नव्हता. “चांगला झालाय,” तो म्हणाला, परक्याच्या घरचं जेवताना म्हणावं तसं. तासाभरात पोट नगारा झालं. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशीही खायचा होता, त्याने खाल्ला, आणि धावला. बाहेर येऊन त्याने तोंड धुतलं आणि खाटेवर बसला.

“लिही,” तो म्हणाला.

“काय लिहू?”

“गहू.”

तिने पेन उचललं आणि लिहिलं.

कामावर गेल्यावर तो थेट मालकासमोर उभा राहिला. हे सगळं शब्दांत कसं मांडायचं ते रस्ताभर घोकत आला होता. तिथे फक्त दोन शब्द निघाले. “गहूच निघाला.”

“बापरे. मग पिठाला हात लावायचा नाही?”

“हात चालतो म्हणाल्या बाई. पोटात जायला नको. नाकातोंडाला फडकं बांधायचं.”

“मग अडलं कुठे?”

मिस्त्री चुळबुळला. “मीठ बघता येणार नाही. कधीच.”

“मावशी बघतायत की. दीड महिना झाला, एक तक्रार नाही.” मालकाने मान वर करून पाहिलं. “काका, तुम्ही एवढ्यासाठी आलात? जा, भट्टी तापली असेल.”

मिस्त्री गेला. भट्टी हातची जाईल म्हणून तो चार महिने झुरला होता, आणि ती होती तिथेच होती. बरं वाटायला हवं होतं. पण दीड महिन्यात पाव खाणाऱ्या एकाही माणसाला फरक कळला नव्हता, ही गोष्ट त्याच्या मनातून जाईना. त्याने तोंडावर फडकं बांधलं आणि ट्रे आत सारायला घेतले.

दोन आठवडे ठीक गेले. मग एका सकाळी मावशींनी गोळा तोंडात घोळवला, छताकडे बघितलं, पुन्हा घोळवला.

“कमी आहे.”

“काय?”

“मीठ. कमी आहे.”

मीठ त्याने स्वतःच्या हाताने तोललं होतं. काटा दोनदा पाहिला होता. त्या पहिल्या वर्षानंतर हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. यंत्रातलं पीठ समोर होतं, हातभर अंतरावर. मागे बांधलेले हात सुटले होते.

“नीट बघितलंत?”

“मिस्त्री, मला जे लागलं ते सांगितलं. पुढे तुमचं तुम्ही ठरवा.”

मिस्त्रीने मिठाचा डबा ओढला.

“किती?”

“अर्धी मूठ घाला.”

त्याने अर्धी मूठ घातली आणि यंत्र सुरू केलं. ते थांबल्यावर मावशींनी पुन्हा गोळा तोडला, आणि त्या काही बोलेपर्यंत मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.