रुखवतात आलेला गेम

माझ्या लग्नात मावशीनं एक घोळ घातला. रुखवत मांडायची जबाबदारी तिच्याकडे होती. माहेरून, तळेगावहून निघालेल्या सामानात टीव्हीला जोडून खेळायचा माझा गेमचा डबा जुन्या टॉवेलात गुंडाळलेला होता आणि तो मी गुपचूप सासरी नेणार होते. मावशीला वाटलं, ही भेटवस्तू मांडायची राहूनच गेली. तिनं तो रुखवताच्या टेबलावर, स्टीलचं पिंप आणि साखरेचं तुळशीवृंदावन यांच्या मधोमध ठेवला आणि वर हळदीकुंकवाची बोटंही लावली. कार्यालयातल्या बायका रांगेनं बघून गेल्या. कोणी म्हणालं वायफाय असेल, कोणी म्हणालं टीव्हीचा बॉक्स. मुंडावळ्यांच्या आडून बघताना मला घाम फुटला होता.

मी शाळेत असल्यापासून गेम खेळते आणि सासरी ते चालेल की नाही हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याला ठाऊक होतं, तो माझ्याकडून हरलाही होता. घरी हळूहळू सांगू, असं त्याचं म्हणणं. हळूहळू म्हणजे कधी, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. माझ्या नोकरीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला आहे, आणि सासरच्या कुरुळीत आता सुनेच्या नोकरीला कोण नाही म्हणतं? पण कमावती सून वेगळी आणि टीव्हीपुढे मांडी घालून धडाधड गोळ्या झाडणारी सून वेगळी. खेळणं सोडावं लागलं असतं तर मी सोडलंही असतं, आणि मनातल्या मनात कुढत बसले असते.

सासूबाईंनी तो डबा बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी मानानं ठेवला आणि वर क्रोशाचा रुमाल घातला. रुखवतातल्या वस्तूला हात कोण लावणार? त्या तो रोज पुसायच्या आणि मी बघत राहायचे. भूक लागलेल्या माणसापुढे ताट वाढून त्यावर जाळी झाकावी, तसं माझं झालं होतं.

खेळणं बंद म्हणून तोंड जास्त चालायला लागलं. कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं की गेम म्हणजे टाइमपास, कला म्हणजे गाणं, चित्र, की मी घास हातात ठेवून भांडायचे. गाणं तुम्ही झोपलात तरी पुढे जातं. गेममध्ये तुम्ही हलला नाहीत तर गवत वाऱ्यावर डोलत राहतं आणि गोष्ट तुमची वाट बघत थांबते. असं माणसाला हाताला धरून आत ओढणारी गोष्ट कला नसेल तर कशाला कला म्हणायचं? पण लगेच मला रागही यायचा. या सगळ्या सुंदर जगांमध्ये आपण कुठे आहोत? आपला देश येतो तो बाजारातली गर्दी म्हणून, नाहीतर कुणा गोऱ्या नायकाला वाट दाखवणारा रिक्षावाला म्हणून. बाई असेल तर तिच्या चिलखताला नेमकं पोटावर भोक. गेम संपल्यावर बनवणाऱ्यांची नावं वर सरकतात, ती मी शेवटपर्यंत वाचते. आपल्याकडची नावं सापडतात बहुतेक तळाशी, टेस्टिंगच्या रकान्यात. म्हणजे तिथेही आम्ही क्वालिटीलाच. गोष्ट कुणाची सांगायची हे जिथे ठरतं, त्या खोलीत आमच्यातलं कुणी बसत नसावं.

एका गुरुवारी, म्हणजे आमच्या कंपन्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, नवरा ओव्हरटाइमला गेला होता. सासूबाईंनी डबा पुसता पुसता विचारलं, ह्याच्यावर बातम्या लागतात का. हो म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मला त्या रुमालाचा फार कंटाळा आला होता. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी रुमाल काढला, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "दाव बरं."

मी घाबरून सगळ्यात सोज्वळ गेम लावला. त्यात एक छोटं गाव, थोडी शेती आणि पडझड झालेलं घर दुरुस्त करायचं काम. आधी आपलं माणूस तयार करायचं होतं. केस निळे मिळत होते, जांभळे मिळत होते, कपाळावर ड्रॅगनसुद्धा काढता येत होता. कुंकू मात्र नव्हतं. साडी नव्हती, पदर नव्हता.

"आमच्यावानी ह्यात कोन न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं. जणू तो गेम मीच बनवला होता, इतकी मी ओशाळले. मग त्यांना कपड्यांमध्ये एक ॲप्रन दिसला. गुडघे दुखायला लागेपर्यंत त्या एका पार्ट्सच्या कंपनीत पॅकिंगला होत्या, म्हणून तो त्यांना जवळचा वाटला. तोच घातला आणि मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

गावातल्या रस्त्यावर खिळे, फळ्या, चाकं पडलेली असतात. ती उचलायची आणि घराला लावायची, की गेम पुढे सरकतो. सासूबाई लावायलाच तयार होईनात. खाली पडलेला पार्ट वापरायचा नसतो, रिजेक्ट मालाच्या लाल क्रेटमध्ये टाकायचा असतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मी तर रोज ऑपरेटरना हेच सांगून पगार घेते, काय वाद घालणार? मग त्यांनी गावभर लाल क्रेट शोधला. मिळाला नाही, तेव्हा सगळा माल गोळा करून सरपंचाच्या दारात रांगेत मांडून ठेवला. सरपंच तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा बोलत त्यातून वाट काढत होता. आम्ही दोघी पोट धरून हसलो. कॅन्टीनमध्ये मी जे घसा कोरडा करून सांगायचे ते समोर बसलं होतं. त्यांची पॅकिंगमधली सगळी वर्षं अंगठ्यांतून त्या गावात उतरली होती. निम्मं ओझं माझ्या छातीवरून त्याच दिवशी उतरलं.

निम्मंच, कारण शेतीचा गेम चालला म्हणजे माझा गेम चालेल असं नव्हतं. माझा गेम टीमचा, बंदुकांचा, अनोळखी पोरांशी माइकवर बोलत खेळायचा. पुढच्या सुट्टीला संध्याकाळी मी धीर करून तो लावला. हेडफोन घातले तर सासूबाईंची हाक ऐकू येत नाही, म्हणून आवाज टीव्हीवरच ठेवला. एरवी मी माइक बंद ठेवते. पण आमचा एक गडी उघड्यावर उभा होता, म्हणून माइक उघडून त्याला डावीकडे व्हायला सांगितलं. बाईचा आवाज ऐकल्याबरोबर टीव्हीतून दुसराच कुणीतरी म्हणाला, "दीदी, जाके रोटी बनाओ ना." बाकीचे खिदळले.

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.  असली पोरं मी ढिगानं पाहिली आहेत, त्यांचं काही वाटत नाही. पण लग्न झाल्यापासून याच घरातून जे वाक्य येईल म्हणून मी धास्तावले होते, तेच तो सगळ्या घराला ऐकू जाईल असं बोलला होता.

सासूबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. माझ्याकडे बघितलंही नाही, त्यांची नजर टीव्हीवर होती.

"चपात्या मी करती," त्या म्हणाल्या. "तू मागं बघ, कोन तरी येतंय."

खरंच येत होता. मी वळले, पण डोळे भरून आल्यामुळे नेम चुकला आणि मी मेले. इतकं हलकं मला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटत होतं.