घाटगे सरांचा खुंटा

आमच्या शिंदखेड्याच्या कॉलेजात प्राध्यापक यायचे ते पाहुण्यासारखे. पुण्याकडचा माणूस एक उन्हाळा कसाबसा सोसायचा आणि दुसरा लागायच्या आत गाशा गुंडाळायचा. प्राचार्य घाटगे सरांनी यावर रामबाण उपाय काढला होता: लग्न. चांगला शिकवणारा हेरायचा, त्याच्या जातगोतातली खानदेशी मुलगी शोधायची आणि त्याला इथला जावई करून टाकायचं. मी मराठीचा प्राध्यापक, या औषधाचा जुना रोगी. भडगावच्या सासऱ्यांच्या दावणीला बांधला गेलो तो गेलोच. बायकोबद्दल तक्रार नाही, सरांबद्दल आहे.

बाहत्तर साली चौगुले या बिनलग्नाच्या प्राध्यापकांना पुण्याच्या कॉलेजातून बोलावणं आलं. पदार्थविज्ञान असं शिकवायचे की मागच्या बाकावरची पोरंही जागी राहायची. इकडे गुरुवारी विद्यापीठाची समिती यायची होती. पदार्थविज्ञानाला माणूस नसता तर बी.एस्सी.चा वर्ग मिळणार नव्हता, आणि वर्ग नाही म्हणजे इंटरनंतर गावातल्या पोरींचं शिक्षण संपलं. सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

शनिवारी दुपारी मला घेऊन ते घरी आले आणि उंबऱ्यातूनच बायकोला म्हणाले, "तुझ्या भाचीला आजच बोलावून घे. चौगुले संध्याकाळी चहाला येतील."

तानुबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. त्यांनी सरांना कधी उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मी खुंटा शे, माले मालूम शे," त्या म्हणाल्या. "मनी भाचीले खुंटा करू नका."

सर स्वतः कोल्हापूरकडचे. एका वर्षासाठी आले होते. संस्थेच्या जुन्या अध्यक्षांनी पुतणी देऊन त्यांना इथे अडकवलं. औषध आधी वैद्यावरच चाललं होतं, म्हणून स्टाफरूममध्ये आम्ही हसायचो. ती पुतणी हे सगळं जाणून रोज भाकरी थापते, हे आमच्या गावीही नव्हतं.

सर तसेच अनवाणी निघाले. मी मागे. चौगुले खोलीत ट्रंक भरत होते.

"चौगुले, देण्यासारखं माझ्याकडे काही नाही," सर म्हणाले. "पण राहा. मी विनंती करतो."

चौगुले ट्रंकेवर बसले. पुण्याची जागा कुणासाठी थांबणार नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"दोन वर्षांत मला इथे मुली दाखवल्या, घरं दाखवली," ते म्हणाले. "राहा असं कुणी म्हणालंच नाही, सर." मग उठून ट्रंकेतून पुस्तकं काढू लागले. "हे वर्ष थांबतो. पुढचं वचन देत नाही."

घरी येऊन सरांनी ते सांगितलं. तानुबाईंनी ऐकता ऐकता सरांचं ताट चुलीपुढे मांडलं.

"तवय तुमले कोनी आसं इचारं आसतं, मंग?"

सर खोटं बोलू शकले असते. मला तर वाटलं, बोलावंच.

"गेलो असतो," ते म्हणाले.

तानुबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपू लागली, तरी त्यांनी ती उलटली नाही.

"आते मी इचारस," त्या म्हणाल्या. "ऱ्हाशात का?"

इतक्या वर्षांत सरांनी अहिराणीचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता. खाली वाकून त्यांनी करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

"ऱ्हासू," ते म्हणाले.