राउटरचं उघडं दार

आमच्या केबलवाल्याने मला फसवलं. आज माळा झाडताना त्याने दिलेला जुना राउटर सापडला. त्याला अजून तापलेल्या प्लास्टिकचा वास येतो.

तेव्हा माझी शीतल नववीत होती. तिची मैत्रीण पूजा आसनगाव सोडून मुरबाडला गेली होती. दोघींनी खेळात वसवलेलं गाव आमच्या संगणकात होतं. पूजाला तिकडून त्यात येता यावं म्हणून शीतल राउटरमध्ये दार उघडत होती. ती त्याला पोर्ट म्हणे. फोनवर पूजा सांगायची, "नाय गो, बंदच दाखवतंय."

पेंढ्याच्या सौद्यात मी भल्याभल्यांना वाकवलंय, पण उघडं दार बंद कसं, हे मला कळेना. खांबापर्यंत जाऊन वायर बघून आलो. शाबूत होती. केबलवाल्याला बोलावलं. स्वतंत्र लाइन मी त्याच्याशी घासाघीस करूनच घेतली होती.

"लाइन तुमचीच हाय, शेठ. पोरीचंच कायतरी चुकतंय," म्हणत त्याने चहा संपवला. शीतलने संगणक बंद केला. पुढे पूजाचे फोनही थांबले.

आता शीतल नेटवर्कचंच काम करते. आज तिला फोन लावला. ती हसली. "बाबा, त्याने अख्ख्या आळीला इंटरनेटवरचा एकच बाहेरचा पत्ता दिला होता. आपलं दार उघडंच होतं, कुलूप त्याच्या फाटकाला होतं."

मला अजून ते पुरतं कळलेलं नाही. पोरगी चुकली नव्हती, एवढं कळलं. केबलवाल्याने शहापूरच्या बाजारात, चारचौघांत, तिच्यासमोर तसं सांगावं.