दादाचा ताप आणि आमच्या बिल्डिंगमधले डॉक्टर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या सिल्व्हर पार्कात पाण्याचा टँकर आला होता. बिल्डिंगमध्ये फोन एकट्या शहांकडे. शहाभाभी जिन्यातूनच म्हणाल्या, "हॉस्पिटल से फोन था..." मी बादली भरू दिली.

गोचीड चावून येणारा ताप होता. लवकर कळला असता तर साध्या गोळ्यांनी उतरला असता, असं मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले.

मग माणसं भेटायला येत राहिली. दुःखाच्या घरात चहाच्या कपांबरोबर किस्सेही साठतात!

*

माझ्या या थोरल्या भावाला कुत्र्यांचा नाद. पेणकरपाड्याच्या वाटेवरची भटकी कुत्री जवळ घेऊन रविवारी त्यांच्या गोचिडी काढत बसायचा.

वहिनी ओरडायची, "अहो, चावतील त्या तुम्हाला!"

"चावू दे. चाळीत वाढलो, सरकारी नोकरी केली. रक्त उरलंय कुठे?"

*

ताप आला. वरच्या मजल्यावरून बँकेतले कुलकर्णी उतरले. त्यांच्या मते प्रत्येक आजार पित्ताचा. स्कूटरवरून पडून स्वतःचा पाय मोडला, तेव्हाही म्हणाले होते, "पित्ताने चक्कर आली, नाहीतर मी पडतोय!"

दादाला आवळा सुरू झाला.

*

शेजारचे गायकवाड मलेरियावाले. खाडीजवळ राहतो, म्हणजे मलेरियाच! रक्त तपासलं. मलेरिया निघाला नाही.

गायकवाड रिपोर्ट बघून म्हणाले, "लपलाय!"

*

कोपऱ्यावरच्या डॉक्टरने नीट तपासलं आणि सांगितलं, "अंगावर पुरळ आलं तर लगेच या." सुई मात्र मारली नाही.

"सुई नाही? म्हणजे त्याला रोगच कळला नाही!" कुलकर्णी म्हणाले.

दुसरा डॉक्टर गाठला. त्याने काही न विचारता सुई मारली. सगळ्यांना बरं वाटलं. दादा सोडून.

*

तळहातांवर लाल ठिपके उठले. मोरव्याहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी टोपली खाली ठेवून पाहिलं. "गोवर हाय ह्यो! दवाखान्यात न्यायचा न्हाय."

वहिनीने दाराला कडुलिंब बांधला. दादा अंथरुणातून म्हणाला, "या वयात गोवर? मग बालवाडीतही नाव घाला माझं."

*

दादा बरळायला लागला, तेव्हा आम्ही सगळे त्याला घेऊन एका नर्सिंग होममध्ये गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "यांना काय होतंय?"

"पित्त!"

"मलेरिया. लपलेला!"

"गोवर म्हणतात," वहिनी हळूच म्हणाली.

डॉक्टरने चादर सारली. दादाच्या मांडीवर पट्टी होती. तिथे काहीतरी चावून काळी खपली धरली होती, तिच्यावर कुलकर्णींनी स्वतःच्या हाताने हळद-चुना लावून पट्टी बांधली होती.

"हे काय आहे?"

"ते सोडा हो, डॉक्टरसाहेब," कुलकर्णी म्हणाले. "ते खातं आमच्याकडे. तुम्ही फक्त तापाचं बघा!"

डॉक्टर हसला. चादर परत नीट केली आणि तापाचं औषध लिहून दिलं.

पट्टी सोडायची राहिली.