सात नंबरच्या विहिरीतला दिवा

म्हात्रे काका कुणाकडेही गेले की चहा संपल्यावर कप उलटा करून त्याचं बूड बघायचे. बुडावर टिचकी मारायचे, आवाज ऐकायचे आणि घरातल्या बाईला शांतपणे सांगायचे, "हा सेट तुमच्या लग्नातला नाय. नंतरचा हाये." माझ्या सासूबाईंनी माहेरची म्हणून वर्षानुवर्षं मिरवलेली चिनी मातीची किटली त्यांनी अशीच एका मिनिटात तरुण केली. त्यानंतर सासूबाई त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा द्यायच्या.

अंबरनाथच्या एका कपबशीच्या कारखान्यात काका तीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. कारखाना बंद पडला आणि ते आमच्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यावरचा माळा आणि त्यावर बारा कॉम्प्युटर. खालची मशीनं सुरू झाली की आमचे माऊस आपोआप सरकायचे. तिथे बसून आम्ही ग्रीस देशातल्या विहिरींत सापडलेल्या फुटक्या भांड्यांची यादी टाइप करायचो.

हे ऐकून लोक माझ्याकडे बघत राहतात म्हणून सांगतो. तिकडे परदेशी विद्यापीठाच्या लोकांनी पूर्वी एक प्राचीन गाव खणलं होतं. बुजलेल्या विहिरी उपसून निघालेल्या प्रत्येक तुकड्याचं एक हस्तलिखित, चित्र काढलेलं कार्ड होतं. त्या कार्डांचे फोटो आमच्याकडे यायचे आणि आम्ही ते तक्त्यात भरायचो: कुठली विहीर, किती खोल, तुकडा कशाचा. त्याआधी आम्ही विम्याचे फॉर्म भरायचो. आमच्या सेठच्या दृष्टीने दोन्ही एकच.

आम्ही टाइप करायचो, काका वाचायचे. तासाला आमची चाळीस कार्डं व्हायची, त्यांची नऊ.

"साईं," सेठ म्हणायचा, "टाइप करने का काम है. सोचने का ऑर्डर किसी ने नहीं दिया."

"सोचतोय कुठे, सेठ? नुसता बघतोय," काका म्हणायचे आणि पुढचा अर्धा तास एका सुरईच्या मानेकडे बघत बसायचे.

त्यांचं एक वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. "ढिगाचं वय म्हाताऱ्या तुकड्यावरून नाय काढायचं. सगळ्यात धाकटा तुकडा शोधायचा. तो आत पडला, त्यानंतरच ढीग बंद झाला." ही विद्या ते घरीही वापरत. कात्रपला त्यांच्या सोसायटीची पाण्याची टाकी फुटली तेव्हा ते तीन दिवस गाळात उकिडवे बसून थर मोजत होते. सगळ्यात खालच्या थरात त्यांना एका कधीच बंद पडलेल्या थंड पेयाचं झाकण मिळालं. त्यांनी ते सभेत चेअरमनसमोर ठेवलं. "टाकी दरवर्षी साफ होते म्हणता, तर हे झाकण दरवर्षी परत खाली जाऊन बसतं का?" चेअरमन पडला. नवा चेअरमन आला आणि त्याने पहिला ठराव केला, की म्हात्रेंनी सोसायटीच्या आवारात खणू नये.

आता माझं सांगतो. मी फारसा बोलणारा माणूस नाही, आणि जे सांगायला हवं होतं ते मी चार वर्षं सांगितलं नाही.

एका दुपारी मला मावसभावाच्या हळदीला अंबरनाथला पोचायचं होतं. सात नंबरच्या विहिरीची कार्डं भरत होतो. विहिरीचा रकाना प्रत्येक ओळीत पुन्हा टाइप करायचा कंटाळा, म्हणून आम्ही वरच्या चौकटीचा कोपरा माऊसने धरून खाली ओढायचो; तेच उत्तर खालपर्यंत उमटत जायचं. मी ओढला आणि तीन ओळी जास्त ओढला गेला. त्या तीन कार्डांवर विहीर कुठली लिहिली होती, ते मी पाहिलंच नाही. तसंच सेव्ह केलं आणि शेअर रिक्षा पकडली.

महिन्याभराने काकांनी तक्ता तपासायला घेतला आणि खुर्चीतून उठले. "या विहिरीत हा दिवा नाय बसत. बाकी सगळं एका पिढीचं, आणि हा चोचीचा मातीचा दिवा साठ वर्षांनी धाकटा. कुणीतरी चुकीच्या विहिरीत टाकलाय." त्यांनी थेट तिकडच्या विद्यापीठात हे काम बघणाऱ्या मॅडमना मेल केलं. मॅडमनी ते सेठला पाठवून विचारलं, कार्डाशी ताडून पाहिलं आहे का? एक चूक सिद्ध झाली की उरलेलं काम दुसरीकडे जाणार, असं करारातच होतं.

सेठने आम्हा दोघांना समोर उभं केलं. कार्डांचे फोटो नियमाप्रमाणे पुसून झाले होते. दिवा त्या तीन ओळींपैकी एक होता, हे मी सकाळीच पाहिलं होतं.

"सुधीर, तूने कार्ड देखा था?"

"देखा था. सात नंबरच लिहिलंय."

काका माझ्याकडे वळले. "तू डोळ्यांनी बघितलंस?"

"हो काका."

"मग हाये," ते म्हणाले. एवढंच. सेठने गिऱ्हाइकाला परस्पर मेल केल्याबद्दल त्यांना त्याच दिवशी काढलं. जाताना त्यांनी माझी माफी मागितली, माझ्या कामावर शंका घेतली म्हणून.

मॅडमनी ती विहीर बुजल्याची तारीख साठ वर्षांनी अलीकडे आणली. सेठने मला सुपरवायझर केलं.

मी अधूनमधून कात्रपला जायचो. काका घरी रिकामे बसले नव्हते. दिवा विहिरीत आहे हे एकदा मान्य केल्यावर तो तिथे कसा गेला, हे शोधणं त्यांना भाग होतं. त्यांनी शोधलं ते असं: विहीर जवळजवळ भरलेली होती आणि साठ वर्षं तशीच पडून होती. शेवटची माती पडायच्या दिवशी एक म्हातारी आली. लहानपणी तिने त्याच विहिरीचं पाणी प्यायलेलं. तिने घरचा दिवा आत टाकला. का टाकला, याची काकांकडे सहा कारणं होती आणि प्रत्येक कारणाची एक मोठी वही.

"घरात दोन बायका झाल्यात," काकू मला म्हणाल्या. "मी भाजी काय करू विचारते, तर म्हणतात थांब, ती आता दार लावतेय."

"तिचा नवरा गेलाय," काका मला समजावत. "म्हणून दिवा एकच. दोन असते तर टाकला नसता तिने."

त्यांना खोकला जडला, वजन उतरलं, आणि मला वाटलं की हा माणूस माझ्या खोटेपणावर सहा वह्या लिहून मरणार. एका रविवारी मी सगळं सांगितलं. हळद, माऊस, तीन ओळी.

काका चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वाजले होते?"

"चारच्या सुमारास."

"खालची मशीनं चालू होती?"

"हो."

"मग हात हलला असेल. ते ठीक हाये. पण 'बघितलं' म्हणालास तेव्हा मशीनं चालू नव्हती." मग त्यांनी आतल्या खोलीत रचलेल्या वह्यांकडे पाहिलं. "म्हणजे बाई नव्हतीच."

त्यांनी माझ्याकडून मॅडमना माझ्या नावाने मेल लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सहाही वह्या रद्दीवाल्याला दिल्या. काकू सांगत होत्या, रद्दीवाल्याने वजन केलं तेव्हा ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मॅडमचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. त्यांनी गोदामात जाऊन तिन्ही तुकड्यांच्या पिशव्या उघडून आतल्या चिठ्ठ्या पाहिल्या होत्या. दोन तुकडे खरोखर दुसऱ्या विहिरीचे निघाले. दिवा मात्र सात नंबरचाच होता. विहिरीची तारीख बदलायची गरज नाही, प्रामाणिकपणाबद्दल आभार.

हे वाचून दाखवायला मी कात्रपला गेलो. खोटं बोलून मी त्यांची नोकरी घालवली होती, आणि खरं बोलून ती बाई. काकांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे तू न बघता बोललास ते बरोबर निघालं."

"हो काका."

"आणि मी बघून बोललो ते चूक."

"हो."

"तरी तू खोटारडाच."

"हो काका."

"बरं," ते म्हणाले. "लॅपटॉप आणलायस? मला आता लिहवत नाय. बस. मी सांगतो, तू टाइप कर. आणि जेवढं सांगेन तेवढंच."

त्या मेलपायी सेठने मला तोवर काढलं होतं, त्यामुळे वेळ होता. रोज सकाळी मी जायचो. काका डोळे मिटून त्या म्हातारीचं सांगायचे, मी एकेक अक्षर मारायचो. सहा कारणांपैकी पाच त्यांनी सोडून दिली. उरलेलं कुठलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. म्हणाले, ती विहिरीपाशी पोचली की कळेल. एका सकाळी आम्ही थांबलो तेव्हा ती दिवा घेऊन घरातून निघाली होती. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर काकूंनी दार उघडलं. काका रात्रीच गेले होते.

ती अजून वाटेत आहे. हातात दिवा आहे, विहीर दिसतेय. मला एक ओळ पुढे लिहिता येईल, सगळे म्हणतात लिही. पण मी ते पाहिलेलं नाही.