आमटीतला खडा

आमच्या घरात मला कोणी हिंग लावून विचारत नाही, ही माझी लग्नापासूनची तक्रार आहे.

त्यात नंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, बाथरूममध्ये घसरली आणि तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. मग बाहेरून डबा लावला. पण बाई जेवेचना! आमटीत दोन घास बुडवायची आणि ताट सरकवायची. "चव नाही हो," एवढंच. चेहरा एवढासा झाला तिचा. मला बघवेना. शेवटी कंबरेला नॅपकिन खोचून मी जाहीर केलं, "आज आमटी मी करणार!"

"अहो, गॅस कुठल्या बाजूला फिरवतात ते तरी ठाऊक आहे का?"

"तू पडल्या पडल्या फक्त हुकूम सोड!"

तिने आतल्या खोलीतून हुकूम सोडले, मी ओट्यापाशी पाळले. मोहरी तडतडली (निम्मी माझ्या चष्म्यावर). हळद पडली, शिजलेली डाळ पडली, गोडा मसाला पडला. रंग तर असा आला की माझा मीच खूश! (माझं नाक सर्दीने चोंदलं होतं, एवढं कृपया लक्षात ठेवा.)

"आता काय गं?"

"आता खडा टाका!"

"केवढा?"

"सुपारीएवढा!"

समोरच्या डबीत तपकिरी खडे होतेच. त्यातला एक नेमका सुपारीएवढा. टाकला!

थोड्या वेळात मोबाइल वाजला. सोसायटीचा ग्रुप. 'कंपनीने परत वास सोडलाय! खिडक्या बंद करा!' आम्हा डोंबिवलीकरांना केमिकल कंपन्यांच्या वासाचं नवल नाही. मी लगेच सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि आमटीला आणखी एक उकळी आणली.

मग बेल वाजली. दारात समोरच्या पाटीलवहिनी, नाकाला ओढणी लावून.

"काका, तुमचा गॅस लीक होतोय का?"

"छे हो! कंपनीचा वास आहे. ग्रुप बघा ना!"

"कसली कंपनी? तुमच्याच किचनमधून येतोय!"

आतून नंदा ओरडली, "अहो! खडा कसला टाकलात?"

"डबीतला. तूच म्हणालीस ना!"

"गुळाचा हो, गुळाचा! डबीत हिंग होता! वर्षभराचा!"

मी डाव खाली ठेवून गॅस बंद केला. फार वाईट वाटलं. एवढी हौस केली आणि तिला पुन्हा डब्याचंच जेवण.

नंदा मात्र प्लॅस्टर सांभाळत खो खो हसत होती. कितीतरी दिवसांनी. "आणा इकडे," ती म्हणाली. "भात जास्त घ्या, आमटी चमचाभर. आणि भरवा, बघता काय!"

मी घास केला. तिने डोळे मिटून गिळला.

"चव आहे हो," ती म्हणाली. आणि ताटलीभर भात संपवला! माझे डोळे भरून आले (सर्दी, दुसरं काय!).

नंदाचा हात आता बरा आहे. माझी तक्रारही मिटली. जिन्यात, गेटवर, भाजीवाल्याकडे, जो भेटेल तो मला थांबवून विचारतो, "काय काका, आज आमटी तुमची, की खिडक्या उघड्या ठेवू?"

हिंग लावून विचारणं आणखी वेगळं काय असतं?