शेडातली निळी पिंपं
गावाहून सासूबाईंनी पाठवलेली सिरक्याची, म्हणजे उसाच्या व्हिनेगरची, बाटली काल इथं सुरतेच्या खोलीत उघडली आणि त्या आंबट वासासरशी ढोकीकडचं आमचं ट्रॅक्टरचं शेड डोळ्यांपुढं आलं. ट्रॅक्टर हंगामभर कारखान्याचा ऊस ओढायला गेलेला, म्हणून मी तिथं उसाच्या रसाची निळी पिंपं मांडली होती. चुलीमागच्या बरणीत सिरका चांगला जमला होता, आता विकण्याइतका करायचा होता. पण रस आंबट होण्याआधी काही दिवस दारूसारखाच वास मारतो, आणि नेमके तेव्हाच थोरले दीर ट्रॅक्टर घेऊन परतले. "सुनेनं भट्टी लावली व्हय? ओता समदं उकिरड्यावर!" ते दारातूनच ओरडले, तशी गल्ली गोळा झाली. मी सातवीतून शाळा सोडलेली, चारचौघांत बोलायची सवय नव्हती. तरी पिंपाला पाठ लावून उभी राहिले. "वास दारूचाच हाय, भावजी. थोडं दिवस जाऊ द्या, मग चाखून बघा." "आन् तवर ट्रॅक्टर कुठं लावू? तुझ्या डोक्यावर?" तेवढ्यात सासूबाई सुपात ज्वारी घेऊन आल्या, माझ्या पायाशी बसकण मारली आणि मान वर न करता खडे निवडू लागल्या. "लिंबाखाली लाव," त्या म्हणाल्या, "त्याला काय थंडी वाजती व्हय?" ट्रॅक्टर लिंबाखालीच राहिला. इथं परक्या गावात कुणी आवाज चढवला की अजून माझी नजर आधी दाराकडं जाते. पण मी जागची हलत नाही, पायाशी कुणीतरी ज्वारी निवडत बसलेलं असतं.